सत्तापालटाचा निकाल कसा वाचायचा: अल्बर्टा २०१५

वर्षानुवर्षं सत्तेत बसलेला पक्ष पडला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच, लाट आली लाट आली. तेवढ्यावर समाधान मानू नका, आकडे घेऊन बसा. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताचा ५ मे २०१५ चा निकाल यासाठी फार छान आहे, तोच घेऊ.

आधी जागा आणि मतं वेगवेगळ्या रकान्यात लिहून काढा. एकूण जागा ८७. रेचल नॉटलींच्या डावीकडे झुकलेल्या न्यू डेमोक्रॅटिक पार्टीला, म्हणजे एनडीपीला, ५४, उजव्या वाइल्डरोज पक्षाला २१ आणि १९७१ पासून सलग राज्य केलेल्या, उजवीकडच्याच प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला, म्हणजे पीसीला, फक्त १०. आता मतं बघा, एनडीपी ४०.६ टक्के, पीसी २७.८, वाइल्डरोज २४.२. म्हणजे पीसीला वाइल्डरोजपेक्षा मतं जास्त आणि जागा निम्म्याहून कमी! तिथेही मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तोच निवडून येतो, वाइल्डरोजची मतं ग्रामीण भागात एकवटलेली होती आणि पीसीची सगळीकडे पसरलेली, मग दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर राहून काय उपयोग.

हे बघून लगेच "उजवी मतं फुटली म्हणून एनडीपी आली" असं ठरवून टाकू नका, बरेच जण इथेच फसतात. मागची निवडणूक शेजारी ठेवा. २०१२ मध्ये वाइल्डरोजने ३४ टक्के मतं घेतली होती, तरी पीसीला ६१ जागा मिळाल्या, आणि एनडीपी १० टक्क्यांच्या आत, ४ जागांवर. फूट तर तेव्हाही होतीच की. तीन वर्षांत नवीन काय घडलं तर एनडीपीची मतं चौपट झाली, आणि प्रांताची राजधानी एडमंटन, त्या शहरातल्या तर एकूण एक जागा त्यांनी घेतल्या.

मग तारखा मांडा, प्रचाराच्या फार आधीपासून. मार्च २०१४ मध्ये खर्चाच्या वादातून पीसीच्या मुख्यमंत्री अ‍ॅलिसन रेडफर्ड यांचा राजीनामा, सप्टेंबरमध्ये त्यांच्या जागी पीसीचेच जिम प्रेंटिस आले, तोवर तेलावर चालणाऱ्या या प्रांतात तेलाचे भाव घसरायला लागलेले. डिसेंबरमध्ये विरोधी पक्षनेत्या डॅनिएल स्मिथ आणि वाइल्डरोजचे आणखी ८ आमदार थेट सरकार पक्षात! मला विचाराल तर निकालाची चावी इथे आहे, कारण ज्यांना विरोध करायला निवडून दिलं तेच सत्तेत जाऊन बसले की मतदार चिडतो, दोघांवरही चिडतो. स्मिथना पुढे स्वतःच्या मतदारसंघात पीसीचं तिकीटसुद्धा मिळालं नाही. त्यात बजेटमध्ये लोकांवर करवाढ आणि कंपन्यांचा कर जसाच्या तसा, आणि वर वर्षभर आधीच निवडणूक लावली.

सर्व्हेंचं म्हणाल तर २०१२ ला वाइल्डरोज जिंकणार म्हणून सांगितलं आणि ते साफ चुकलं, त्यामुळे एखाद्या सर्व्हेवर विसंबू नका, आठवड्यागणिक कल कुठे सरकतोय ते बघा.

बदल टिकला का हे मात्र पुढच्या निवडणुकीशिवाय ठरवू नका. २०१७ मध्ये पीसी आणि वाइल्डरोज एकत्र येऊन युनायटेड कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टी, म्हणजे यूसीपी, झाली, २०१९ ला तिने ६३ जागा घेतल्या, एनडीपी २४ वर आली, सत्ता गेली. पण मतांचा रकाना परत उघडा, ३२ टक्क्यांच्या वर मतं एनडीपीकडे राहिली, म्हणजे २०१२ च्या तिपटीहून जास्त, आणि एडमंटनमध्ये एक जागा सोडून बाकी सगळ्या त्यांच्याच.