घरी बनवलेला सायकलचा दिवा: या चुका टाळा

एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटल्यावर सायकलने घरी निघालेल्या माणसाला दिवा दोन कारणांसाठी लागतो: पुढचा खड्डा दिसावा आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपण दिसावं. माझ्या मते दुसरं कारण मोठं. तरी घरी दिवा बनवणारे सगळा जीव पुढच्या झोतावर ओततात आणि मागचं राहून जातं. आधी मागचा लाल दिवा करा. सोबत लाल रिफ्लेक्टर हवाच, बॅटरी संपली तरी तो चमकतो.

‘लाल एलईडी जोडला की पांढरा विझतो’ ही तक्रार हमखास ऐकू येते. दोन्ही एलईडी एकाच रेझिस्टरवर (करंटला आवर घालणारा भाग) समांतर जोडले की हे होणारच. लाल साधारण २ व्होल्टला पेटतो, पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात. लाल आधीच सगळा करंट ओढून घेतो. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर द्या. १ वॉटच्या पांढऱ्या एलईडीला ३५० मिलिअँपिअर पुरतात. १८६५० सेल (लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसला गोल लिथियम सेल) पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो. त्यातून एलईडीचे ३.२ वजा केले की उरतो १ व्होल्ट; त्याला ०.३५ अँपिअरने भागा, म्हणजे रेझिस्टर हवा सुमारे २.९ ओहमचा. दुकानात ३.३ ओहमचा सहज मिळतो. तो १ वॉटचाच मागा, पाव वॉटचा करपतो. आणि हा एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थर्मल पेस्ट लावून बसवा. नुसता प्लॅस्टिकच्या डबीत कोंडला तर तापून मरतो.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल वापरणार असाल तर आधी मल्टीमीटरने व्होल्टेज मोजा. २ व्होल्टच्या खाली गेलेला किंवा गंजलेला सेल चार्ज करून बघायच्या फंदात पडू नका. सेलवर थेट सोल्डरिंगही करू नका, आतला पडदा उष्णतेने खराब होतो; पट्ट्या जोडलेले सेल मिळतात, ते घ्या. सेल फार उतरू न देणारं, संरक्षण असलेलं टीपी४०५६ चार्जिंग बोर्ड घेऊनही लोक दिव्याच्या वायरी सेलच्याच टोकांना जोडतात. मग सेल उतरला तरी दिवा बंद होत नाही आणि सेल कायमचा जातो. दिवा बोर्डाच्या ‘आउट’ टोकांवरच घ्या.

एवढं सगळं बरोबर असूनही घरी लख्ख पेटणारा दिवा रस्त्यावर लुकलुकतो. कारण जवळजवळ नेहमी सांध्यात असतं. दिवा चालू ठेवून बोटाने टिचकी मारा. सेलजवळ मारल्यावर लुकलुकला तर होल्डरची स्प्रिंग सैल आहे. वायरीजवळ लुकलुकला तर सोल्डर जिथे संपतं तिथे नीट बघा: तिथे वायर कडक झालेली असते आणि हादऱ्यांनी बरोबर त्याच रेषेवर तुटते. एकतारी वायर टाळा, बहुतारी घ्या, आणि सांध्याच्या इंचभर मागे केबल टायने बांधा, म्हणजे ओढ सांध्यावर येणार नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल इतकी वायर सैल सोडा.

पावसाळ्यात डबी बंद करायला आंबट वासाचा सिलिकॉन वापरू नका. त्यातलं ॲसिटिक ॲसिड तांब्याला खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. वायर खालूनच आत घ्या आणि तळाला एक बारीक भोक ठेवा. आत साचलेला ओलावा बाहेर पडायला वाट लागतेच.

डायनामो असेल तर एलईडी थेट जोडू नका. डायनामो एसी देतो, उलट्या व्होल्टेजने एलईडी जातो. मध्ये एसीचा डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज घाला. सिग्नलला थांबलात की उजेड जातो, म्हणून मागचा दिवा तरी सेलवरच ठेवा.

शेवटी झोत. समोरच्याच्या डोळ्यांत दिवा मारला तर तोच आपल्या अंगावर येईल. भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी करा आणि झोताचा मध्य दिव्याच्या निम्म्या उंचीवर आणा. रस्त्यावर तो साधारण १० मीटरवर पडेल. मग क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालून नट आवळा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात दिवा मान टाकतो.