ड्रॅग रेसला (सरळ ट्रॅकवरच्या वेगाच्या शर्यतीला) जुनी पद्मिनी नेताय? आधी पाटे बघा

पद्मिनी असो वा ॲम्बेसिडर, स्टार्टला क्लच झटकन सोडला की मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पिळतात, एक्सल (मागच्या चाकांचा आस) थडथड उड्या मारतो आणि प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) तुटू शकतो. साताऱ्याहून हायवेने चालवत नेलेल्या गाडीचे यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे) ट्रॅकवर पोचताच पुन्हा तपासा. घरीच आवळून नटावर आणि त्याला टेकलेल्या पट्टीवर मिळून एक रंगाची रेघ मारा. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश चिरलेले असतील तर बदलाच, इथे काटकसर नको.

दुसरं, बॉनेट उघडून कुणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा. कार्बोरेटरचा बटरफ्लाय (हवेची वाट उघडणारी झडप) सरळ उभा होतोय का? जुन्या गाड्यांत बहुतेकदा होत नाही, आणि ताकद फुकट जाते. वजन कमी करायला स्टेपनी, जॅक उतरवा.