स्क्रिप्टने साठ पीसी अपडेट करताय? या चुका टाळा

आमचं ऑफिस फोर्टला, ब्रँच ठाण्याला, मिळून साठेक पीसी आणि ते बघायला आम्ही दोघंच. त्यामुळे सॉफ्टवेअर टाकणं, अपडेट करणं, सकाळी चालू करून देणं, सगळं स्क्रिप्टवरच, म्हणजे कमांड एकामागे एक आपोआप चालवणाऱ्या फाइलवर. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्यात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे एक्झी फाइल (जी उघडली की प्रोग्रॅम चालू होतो ती) सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवायची आणि सगळ्यांच्या डेस्कटॉपवर तिचाच शॉर्टकट द्यायचा. पहिल्या दिवशी भारी वाटतं, एका जागी बदललं की सगळ्यांना मिळालं. मग अपडेटच्या दिवशी विंडोज सांगतं, फाइल वापरात आहे. मी एकदा टेबलाटेबलाशी जाऊन "जरा बंद करता का" करत फिरले, सगळ्यांनी बंद केलं तरी लॉक सुटेना, शेवटी कळलं की अकाउंट्समधले काका स्क्रीन लॉक करून कर्जत लोकल पकडायला गेलेत आणि प्रोग्रॅम आत चालूच. (सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये ओपन फाइल्स बघितल्या की कोणी धरून ठेवलंय ते दिसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.)

आता आम्ही असं करतो. प्रत्येक व्हर्जनचं वेगळं फोल्डर, आणि शेजारी एक टेक्स्ट फाइल, तिच्यात फक्त चालू व्हर्जनचा नंबर. शॉर्टकट जातो एका छोट्या लाँचरला, म्हणजे प्रोग्रॅम चालू करून देणाऱ्या स्क्रिप्टला. तो नंबर वाचतो, ते व्हर्जन पीसीवर असेल तर तिथूनच चालू करतो, नसेल तर आधी कॉपी करून आणतो. कोणी जुनं उघडून बसलं असेल तर बसू दे, पुढच्या वेळी उघडेल तेव्हा नवीन मिळेल. फक्त क्रम चुकवू नका, आधी अख्खं फोल्डर सर्व्हरवर चढवायचं आणि नंबर सगळ्यात शेवटी बदलायचा. पीसीवरही आधी तात्पुरत्या नावाने कॉपी आणि पूर्ण झाल्यावर नाव बदल, नाहीतर कोणी मध्येच पीसी बंद केला की अर्धवट फोल्डर राहतं आणि लाँचरला वाटतं सगळं आलंय. नवीन व्हर्जन बिघडलं तर टेक्स्ट फाइलमध्ये जुना नंबर टाकला की काम झालं. आणि सर्व्हर सापडलाच नाही तर पीसीवरचं शेवटचं व्हर्जन चालू करा, एक नेटवर्क स्विच गेला म्हणून अख्खं ऑफिस हातावर हात धरून बसायला नको.

लाँचर बॅच फाइल (विंडोजच्या कमांड ओळीने लिहिलेली टेक्स्ट फाइल) असेल तर तिला चालू असताना स्वतःवरच कॉपी करायला लावू नका. विंडोज बॅच फाइल एकदम वाचून घेत नाही, एकेक ओळ झाली की परत फाइल उघडून पुढची वाचतं, त्यामुळे मध्येच फाइल बदलली की भलत्याच ओळीच्या मधून चालू होतं आणि असले एरर येतात की डोकं फिरतं.

बॅच फाइलमधून प्रोग्रॅम उघडायला स्टार्ट कमांड वापरली आणि प्रोग्रॅमऐवजी नुसतीच काळी खिडकी उघडली? अवतरणातला पहिला तुकडा ती खिडकीचं नाव समजते. पाथच्या आधी रिकामी अवतरणं टाका.

आता रोबोकॉपी, म्हणजे विंडोजमधली फोल्डर कॉपी करायची कमांड. फाइल लॉक असेल तर ती थांबून परत प्रयत्न करते, आणि काही सांगितलं नाही तर १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशोब केला तर एका फाइलमागे साधारण ३४७ दिवस! म्हणून आर (किती प्रयत्न) आणि डब्ल्यू (किती सेकंद थांबायचं) हे पर्याय स्वतः द्या, आम्ही २ प्रयत्न आणि ५ सेकंद देतो. दुसरं म्हणजे काम संपल्यावर ती एक कोड देते, त्यातला १ म्हणजे एरर नाही, फाइल्स नीट कॉपी झाल्या असा त्याचा अर्थ, फेल म्हणजे ८ आणि वर. एमएसआयचंही (विंडोजच्या इन्स्टॉलर फाइलचं) तसंच, ३०१० म्हणजे झालं पण रीस्टार्ट हवा, १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थोड्या वेळाने या. आमची स्क्रिप्ट शून्य सोडून सगळ्याला फेल म्हणायची आणि आम्ही चांगले पीसी दुरुस्त करत बसायचो.

व्हर्जन नंबर अक्षरं म्हणून तपासू नका, तसं केलं तर ९.१० हे ९.९ पेक्षा जुनं ठरतं. पॉवरशेलमध्ये (विंडोजची स्क्रिप्ट लिहायची भाषा) त्यासाठी व्हर्जन नावाचा टाइपच आहे.

टास्क शेड्युलरने (ठरल्या वेळी काम चालवणारी विंडोजची सोय) स्क्रिप्ट सिस्टीम अकाउंटवर, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अकाउंटवर चालवत असाल तर सर्व्हरच्या फोल्डरला तुमच्या लॉगिनमध्ये दिलेला झेड ड्राइव्ह त्याला दिसत नाही, सर्व्हरचा पूर्ण पाथ द्या. त्याने उघडलेली खिडकीही युजरला दिसत नाही, म्हणून अपडेट सिस्टीमकडून आणि चालू करणं युजरच्या लॉगिनमधून, दोन्ही एकाच टास्कमध्ये कोंबू नका.

रात्री दोनचा टास्क लावला होता, सकाळी एकही पीसी अपडेट नाही. कारण शिपाई मामा जाताना मेन स्विचच बंद करतात, आणि ते बरोबरच करतात. म्हणून वेळ चुकली तर नंतर लगेच चालव हा पर्याय टिक करा. पण मग सगळे पीसी दहाला एकदम सर्व्हरवर तुटून पडतात, तेव्हा स्क्रिप्टच्या सुरुवातीला काही मिनिटांचा रँडम उशीरही ठेवा. लॅपटॉपसाठी फक्त चार्जरवर असताना ही अट आधीपासून टिक केलेली असते, ती काढा.

साठही पीसींवर एकाच दिवशी तर अजिबात नको. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली होती. आम्ही आधी स्वतःच्या पीसीवर, मग तिघांच्या, त्यात ऑफिसमधला सगळ्यात जुना पीसी हवाच. आणि २० तारखेच्या आसपास काहीच नाही, जीएसटी भरणारे लोक तेव्हा जिवंत सोडणार नाहीत.

लॉगसाठी सगळ्या पीसींना एकाच फाइलमध्ये लिहायला लावू नका, एकमेकांना अडवतात. प्रत्येकाची वेगळी फाइल, नाव पीसीचंच. मग ज्याची फाइलच आली नाही तो शोधायचा. गेल्या वेळी एक कमी होती, तो पीसी ठाण्याच्या स्टोअररूममध्ये छत्र्यांच्या ढिगाखाली सापडला, चालू.