डीबी बदलण्याआधी घरच्या घरी करायचं काम

जुनी डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारी स्विचांची पेटी, स्वतः बदलायला जाऊ नका. मेन स्विच पाडला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरीत करंट असतोच. ते काम परवानाधारक वायरमनचंच. मात्र कुठला एमसीबी (डीबीतला, घराच्या एकेका भागाची वीज तोडणारा छोटा स्विच) कशाचा, हे शोधण्यात त्याचा बराच वेळ जातो. तेवढं आपण करून ठेवावं.

१. कॉम्प्युटर बंद करा. दिवसाउजेडी सगळे दिवे-पंखे लावून एकेक एमसीबी पाडा.
२. काय बंद पडलं ते घरभर फिरून बघा. रिकाम्या प्लगला मोबाइलचा चार्जर लावून तपासा.
३. कागदी पट्टीवर 'गीझर', 'हॉल पंखे' असं लिहून चिकटवा.

आमच्याकडे फ्रिज आणि बेडरूमचा एसी एकाच एमसीबीवर निघाले. नव्या डीबीत वेगळे करून घेतले.

हात कोरडे ठेवा आणि स्क्रू काढून आतलं कव्हर अजिबात उघडू नका.