करवीरची राजधानी बघायला येताय? मग ही तयारी करून या

कोल्हापूर म्हटलं की अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा आणि रात्री तांबडा-पांढरा हाणून परत, असा सगळ्यांचा प्लॅन ठरलेला असतो. ते बघाच, पण हे गाव 1949 पर्यंत करवीर संस्थानची राजधानी होतं आणि ती राजधानी बघायची तर राजवाड्यापेक्षा पेठा जास्त फिराव्या लागतात, म्हणून निघायच्या आधी थोडं जुळवून ठेवा.

पहिलं म्हणजे वार. सोमवार टाळा, टाउन हॉलचं म्युझियम बंद असतं, आणि ते चुकवायचं नाही कारण ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 ला उत्खनन झालं त्यातल्या वस्तू तिथं आहेत, पोसायडन म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची ब्राँझची एवढीशी मूर्ती सुद्धा, पंचगंगेच्या काठी! जुलै-ऑगस्टात येणार असाल तर पंचगंगेची पातळी बघूनच गाडी काढा, राजाराम बंधाऱ्याला 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका, हे आकडे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. फुटबॉलचा सीझन चालू असेल तर शाहू स्टेडियमवर कुणाची मॅच आहे ते विचारून घ्या, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यातले कुठलेही दोन संघ समोरासमोर असले तर बाकीचा प्लॅन खुशाल मोडा.

अलार्म पहाटेचा लावा, कारण तालमी तेव्हाच बघायच्या. गंगावेस, मोतीबाग, कुठंही जा पण आदल्या दिवशी वस्तादांना विचारून, बायका सोबत असतील तर ते पण आधीच सांगून ठेवायचं. चप्पल बाहेर, फोटो विचारल्याशिवाय नाही आणि आखाड्यात पाय टाकायचा नाही. ती लाल माती साधी नसते, तिच्यात हळद, ताक, लिंबू, तेल मुरवलेलं असतं आणि उतरणारा प्रत्येक पैलवान आधी ती कपाळाला लावतो. तिथनं थेट गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचं, म्हैस समोर उभी, धार काढून फेसासकट ग्लास हातात, साखर वगैरे मागू नका राव.

पोटाला आधार म्हणून मिसळ खावा आणि मग चालायचे बूट घाला, कारण खरी राजधानी इथनं सुरू होते. दसरा चौकात उभं राहून चारी बाजूला बघा, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. 1901 पासून शाहू महाराजांनी एकेका समाजाच्या पोरांसाठी ही वसतिगृहं उभी करायला मदत केली, 1908 ला अस्पृश्य मानलेल्या पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं, आणि 1902 ला नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवणारा हुकूम याच गावातनं निघाला. मला विचाराल तर महालातल्या झुंबरापेक्षा हे आधी दाखवायला पाहिजे पाहुण्यांना. जायच्या आधी शाहू महाराजांवर थोडं वाचून या, नाहीतर त्या नुसत्या जुन्या बिल्डिंगा वाटतील. खासबाग मैदान 1912 चं, रोमचं कलोसियम बघून आल्यावर महाराजांनी बांधून घेतलेलं, त्याला लागूनच 1915 चं पॅलेस थिएटर म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, जे ऑगस्ट 2024 मध्ये जळालं आणि सगळं गाव रडलं. तिथं जाऊन दोन मिनिटं उभं राहा.

पत्त्यासाठी नुसत्या मॅपवर विसंबू नका, इथं पत्ता तिकटी (म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा) आणि तालमीवरनं सांगतात, मिरजकर तिकटी, पापाची तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर एवढं लक्षात ठेवलं तरी रिक्षावाले मामा बरोबर सोडतात. सुट्टे पैसे खिशात असू देत.

चप्पल घ्यायची असेल तर मात्र घाई करू नका, सुभाषनगरात कारागीर कातडं कापून, वेणी विणून, हातानं शिवताना बसून बघा आणि मगच दर विचारा, घासाघीस जपून करा कारण एका जोडाला किती हात लागतात ते तुम्ही आत्ताच बघितलेलं असणार. नवी जोडी आधी चावते, म्हणून परतीच्या प्रवासात ती बॅगेतच ठेवा, पायात जुनीच राहू दे.