कर्नेल कोडमधला बाइटक्रम टाइपमध्येच लिहा

ब्लॉकचा आकार 4096 असायला हवा आणि कोडला 1048576 दिसतो. चार बाइट उलटे वाचले गेले, एवढंच. पण दोन्ही आकडे दोनचे घात असल्यामुळे ‘आकार दोनचा घात आहे ना’ ही तपासणी चुकीच्या आकड्यालाही पास करते आणि बिघाड भलत्याच ठिकाणी दिसतो. एक्स86वर असला कोड वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो, कारण लिटल एंडियन (सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी) फाइल सिस्टीमचा आणि प्रोसेसरचा क्रम योगायोगाने एकच असतो. आयबीएमच्या एस390सारख्या बिग एंडियन (सर्वांत जास्त किमतीचा बाइट आधी) यंत्रावर मात्र तो पहिल्याच वाचनात आपटतो.

इथली नावं लिनक्स कर्नेलची आहेत. सुरुवात स्ट्रक्चरपासून करा. डिस्कवर, नेटवर्कवर किंवा डीएमए डिस्क्रिप्टरमध्ये (डिव्हाइस स्वतः मेमरीतून वाचतं त्या नोंदीत) जाणारं प्रत्येक फील्ड यू32 ऐवजी __एलई32 (लिटल एंडियन) किंवा __बीई32 (बिग एंडियन) करा. कंपायलरच्या लेखी हे साधे 32 बिटच राहतात, तयार होणारा मशीन कोड बदलत नाही. फरक कळतो तो स्पार्सला, म्हणजे कर्नेलचा कोड न चालवता तपासणाऱ्या साधनाला. ‘मेक सी=2’ आणि पुढे डिरेक्टरीचं नाव देऊन तो चालवा. सी=1 फक्त पुन्हा कंपाइल होणाऱ्या फाइली तपासतो, त्यामुळे आधीच बिल्ड झालेल्या ट्रीवर तो गप्प राहिला म्हणून कोड निर्दोष ठरत नाही.

वॉर्निंग भरपूर येतील. __फोर्स (स्पार्सला गप्प करणारी खूण) लावून कास्ट करायचा मोह आवरा, त्याने वॉर्निंग जाते आणि चूक राहते. प्रत्येक ठिकाणी एवढंच पाहा की हा आकडा या क्षणी कुणाच्या क्रमात आहे. वाचल्याबरोबर एलई32_टू_सीपीयू, लिहायच्या आधी सीपीयू_टू_एलई32, आणि मधला सगळा हिशोब यू32मध्ये. ही दोन्ही फंक्शनं प्रत्यक्षात एकच काम करतात, म्हणून उलट नाव वापरलं तरी कोड चालतो. फसतो तो वाचणारा. जागच्या जागी क्रम बदलणारं एलई32_टू_सीपीयूएस शक्यतो वापरू नका. ते चालवल्यावर फील्डचा टाइप एक सांगतो आणि आत असतं दुसरंच.

स्थिरांकाशी तुलना करायची असेल तर स्थिरांकच बदला: फील्ड == सीपीयू_टू_एलई32(मॅजिक). हे रूपांतर कंपाइल करतानाच उरकतं. बेरीज किंवा लहान-मोठं ठरवायचं असेल तेव्हा मात्र फील्ड आधी प्रोसेसरच्या क्रमात आणावंच लागतं.

ड्रायव्हरमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ रजिस्टर आणि डिस्क्रिप्टर यांत होतो. रीडएल आणि रायटएल हे डिव्हाइसचं रजिस्टर लिटल एंडियन मानतात आणि गरज असेल तिथे स्वतःच बाइट उलटतात. त्यावर पुन्हा एलई32_टू_सीपीयू लावलं की बिग एंडियन यंत्रावर दुहेरी उलट होते, आणि लिटल एंडियनवर काहीच बिघडत नसल्याने ते कुणाला कळत नाही. बिग एंडियन रजिस्टरसाठी आयओरीड32बीई आहे. डिस्क्रिप्टर मात्र साध्या मेमरीत असतो, तिथे रूपांतर तुम्हीच करायचं. एकाच फंक्शनमध्ये शेजारी-शेजारी एका ओळीत रूपांतर आहे आणि दुसऱ्या ओळीत नाही, हे दिसायला विचित्र असलं तरी बरोबर आहे.

सी भाषेतली बिटफील्ड बाहेरच्या डेटासाठी वापरू नका. बिट कुठल्या टोकापासून भरायचे हे एबीआय (त्या प्रोसेसरवर डेटा कसा मांडायचा याचे नियम) ठरवतं, म्हणून मग प्रत्येक स्ट्रक्चर ‘इफडेफ’खाली दोनदा लिहावं लागतं आणि दोन प्रतींपैकी एक हमखास मागे राहते. पूर्ण __एलई32 ठेवा आणि एलई32_गेट_बिट्सला मास्क द्या. बफरमधल्या विषम पत्त्यावरची संख्या पॉइंटर कास्ट करून न वाचता गेट_अनअलाइन्ड_एलई32ने वाचा. त्यात अलाइनमेंट आणि क्रम दोन्ही सांभाळले जातात.

मेमसीपीवाय, व्हॉइड पॉइंटर आणि युनियन यांच्या आडून गेलेला डेटा स्पार्सला दिसत नाही. त्या जागा डोळ्यांनी तपासा, मग क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये एस390एक्सचा कर्नेल चालवून पाहा. चाचणीत हेक्स 01020304सारखा आकडा घ्या. शून्य उलटं केलं तरी शून्यच, आणि स्पार्सही थेट लिहिलेल्या शून्याला हरकत घेत नाही.