काळ्या मातीतला आखूड हेलिकल अँटेना: नव्या हॅमसाठी अनुभवाचे बोल

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घराचे अंगण मोठे आहे, परंतु त्याच्या दोन्ही बाजूंनी विजेच्या तारा गेलेल्या आहेत. ४० मीटर बँडसाठी (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) लागणारा सुमारे २० मीटर लांबीचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेला सरळ तारेचा अँटेना, अशा तारांजवळ ताणणे जिवावर बेतू शकते. म्हणून हौशी रेडिओची (हॅम) परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना हाती आल्यावर मी आखूड हेलिकल अँटेना, म्हणजे नळीवर तार गुंडाळून केलेला अँटेना, बांधायला घेतला. तो बांधताना माझी जी चूक झाली, ती नवीन हॅमने टाळावी एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

हेलिकल या शब्दाने आरंभी गोंधळ होतो. जॉन क्राउस यांनी १९४६ मध्ये शोधलेल्या आणि पुढे उपग्रह संपर्कासाठी वापरल्या गेलेल्या अँटेनात एका वेढ्याचा परीघ साधारण एका तरंगलांबीइतका असतो आणि तो आपल्या अक्षाच्या दिशेने प्रक्षेपण करतो. आपला अँटेना तो नव्हे. येथे वेढे तरंगलांबीच्या मानाने अगदी लहान असतात आणि प्रक्षेपण उभ्या काठीच्या अँटेनासारखे आडव्या दिशांना होते.

मी शेतीसाठी मिळणारा ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप २.४ मीटर लांबीचा घेतला आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून १८ गेजची इनॅमल तार आणली. अर्ध्या तरंगलांबीइतकी तार गुंडाळली की पाव तरंगलांबीच्या काठीसारखा अनुनाद (हव्या वारंवारतेला जुळणे) जवळपास मिळतो, हा प्रचलित ठोकताळा आहे. ७.१ मेगाहर्ट्झला ही तार सुमारे २१ मीटर भरते आणि एका वेढ्याला १३ सेंटिमीटर धरल्यास साधारण १६० वेढे होतात. तार थोडी जास्तच ठेवावी, कारण ती कापता येते, वाढवता येत नाही. विद्युतप्रवाह बुडाशी सर्वाधिक असतो व तेथूनच बहुतेक प्रक्षेपण होते, म्हणून खालचे वेढे विरळ आणि वरचे दाट ठेवणे इष्ट. टोकाशी अॅल्युमिनियमची हातभर सरळ सळई जोडावी. तिच्यामुळे टोकावरच्या उच्च दाबाची ठिणगी टळते आणि ती कमी-अधिक करून वारंवारता नेमकी जुळवता येते. ठिबकच्या काळ्या नळीवर मात्र तार गुंडाळू नये, कारण तिच्यातील कार्बनमुळे शक्ती वाया जाण्याची शक्यता असते.

आता त्या चुकीविषयी. अँटेना उभा करून मी जमिनीत एक लोखंडी सळई ठोकली, एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळतो हे सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) मोजला, आणि तो १.१ आला. मला अतिशय आनंद झाला, परंतु पुढचे दोन आठवडे माझ्या हाकेला जवळजवळ कोणीच उत्तर दिले नाही. नॅनोव्हीएनए हे अँटेना तपासण्याचे छोटे उपकरण मिळाल्यावर बुडाशी ४५ ओहम रोध असल्याचे दिसले. पाव तरंगलांबीच्या पूर्ण काठीचा प्रक्षेपण रोध (रोधाचा लहरी पाठवण्याच्या कामी येणारा भाग) सुमारे ३६ ओहम असतो, तर माझ्या एवढ्याशा अँटेनाचा हिशोबाने अवघा २ ओहमच्या आसपास येत होता. उरलेले सगळे ओहम तारेत आणि प्रामुख्याने मातीत होते. शंभरातले पंचाण्णवहून अधिक वॅट मी जमीन तापवण्यात घालवत होतो आणि मीटर मात्र सर्व ठीक असल्याचे सांगत होता.

त्यानंतर मी पाच-पाच मीटरच्या सोळा तारा, म्हणजे रेडियल, बुडापासून जमिनीवर चहूकडे पसरल्या. रोध २० ओहमवर उतरला आणि एसडब्ल्यूआर २.५ वर चढला. नवखा माणूस येथे घाबरून रेडियल काढून टाकतो. तसे करू नये. रोध कमी झाला याचा अर्थ तोटा कमी झाला, आणि तेवढ्याच वॅटमध्ये सव्वादोन पट शक्ती आकाशात जाऊ लागली. जुळणीसाठी बुडाशी, रेडिओकडून आलेल्या केबलच्या दोन वाहकांमध्ये, ०.९ मायक्रोहेन्रीचे कॉइल लावले, म्हणजे एक इंच व्यासाचे आणि एक इंच लांबीत सात-साडेसात वेढे, आणि वरची सळई जराशी कमी केली. एसडब्ल्यूआर पुन्हा खाली आला, आणि या वेळी तो खरा होता. त्याच आठवड्यात रात्री बेंगळुरू आणि कोलकाता येथील केंद्रांशी संपर्क झाला.

दिवसा नागपूर-अमरावतीशी बोलण्याची अपेक्षा मात्र या अँटेनाकडून ठेवू नये. जवळच्या अंतरासाठी लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन परतायला हव्यात, आणि उभा अँटेना नेमका त्याच दिशेला दुबळा असतो. त्या कामाला शेतात, तारांपासून दूर, कमी उंचीवर बांधलेला डायपोलच उत्तम.

आणखी एक गोष्ट आपल्या मातीची. कपाशीची काळी जमीन ओली असताना विजेची चांगली वाहक असते, परंतु वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि माझ्या अँटेनाचा रोध २० वरून २७-२८ ओहमपर्यंत चढतो. म्हणून मी मे महिन्यात एकदा आणि मृगाचा पाऊस मुरल्यावर पुन्हा एकदा मोजमाप करून वहीत नोंदवतो, आणि ढग दिसू लागले की केबल घराबाहेरच सोडवून ठेवतो.